प्लग काळे पडतात तेव्हा: जास्त पेट्रोल ओतणाऱ्या इंजिनाचा माग

सप्टेंबरातल्या एका सकाळी वर्तकनगरच्या एक मॅडम गॅरेजवर आल्या. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चाललेली. हातात पीयूसीची चिठ्ठी, गाडी नापास झालेली. म्हणाल्या, "दादा, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एकाने एअर फिल्टर बदलला, दुसऱ्याने प्लग बदलले, तिसरा म्हणतो इंजेक्टर काढून साफ करू. पैसे जातायत आणि अ‍ॅव्हरेज पंधरावरून दहावर आलंय. सायलेन्सरपाशी उभं राहिलं की डोळे चुरचुरतात."

मी बॉनेट उघडलं नाही. आधी ती चिठ्ठी मागून घेतली.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. १९९१ साली हेल्पर म्हणून लागलो तेव्हा पुढ्यात प्रीमियर पद्मिनी आणि कार्बोरेटरवाली मारुती ८०० असायची. गाडी पेट्रोल जास्त ओढतेय म्हटलं की उस्ताद तीन जागा बघायचे: चोक अडकलाय का, फ्लोटची निडल झिजलीय का, जेट कुणी मोठा केलाय का. तासाभरात निकाल. आता मधे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आलाय. पेट्रोल किती जायचं ते तो ठरवतो, आणि ठरवतो तो सेन्सर काय सांगतात त्यावर. म्हणून आजच्या गाडीत पहिला प्रश्न 'कुठला पार्ट खराब' हा नसतो. पहिला प्रश्न असतो: पेट्रोल जास्त जातंय हे ईसीयूला कळतंय का? कळत असेल तर तो कापायला धडपडत असतो, आणि ती धडपड स्कॅनरवर आकड्यात दिसते. कळत नसेल तर त्याला कुणीतरी फसवतंय. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत. त्या मॅडमचे पैसे हा प्रश्न कुणी न विचारल्यामुळे गेले.

हे सगळं पेट्रोल गाडीबद्दल आहे. डिझेलचा काळा धूर हा वेगळा विषय.

चिठ्ठी काय सांगते

पीयूसीची चिठ्ठी आपण काचेमागे टाकतो आणि विसरतो. पण चालकाच्या हातात आयता येणारा हा सगळ्यात चांगला रिपोर्ट आहे. त्यावर सीओ टक्क्यांत असतो आणि एचसी पीपीएममध्ये. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २००. हाय आयडलला, म्हणजे रेस देऊन धरल्यावर, लॅम्डाही छापलेला असतो. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण: तो १च्या अगदी आसपास हवा, खाली गेला तर पेट्रोल जास्त, वर गेला तर हवा जास्त.

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल. हवा कमी पडली, जाळ पूर्ण झाला नाही, की सीओ चढतो. एचसी म्हणजे न जळता तसंच बाहेर आलेलं पेट्रोल. आता बघा. सीओ खूप चढलाय, एचसी थोडा वाढलाय, लॅम्डा १च्या खाली आहे, तर गाडी खरंच रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. पण एचसी हजाराच्या घरात, सीओ मात्र साधारण, लॅम्डा १च्या वर, तर ती रिच नाही. एखादा सिलिंडर पेटतच नाहीये, यालाच मिसिंग म्हणतात. प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन बघायचं. मागे उभं राहिलं तर दोन्हीत वास पेट्रोलचाच येतो, म्हणून नुसत्या नाकावर विसंबलेला माणूस इथे हमखास चुकतो.

मॅडमच्या चिठ्ठीवर सीओ २.१, एचसी २६०, लॅम्डा ०.९४. म्हणजे पेट्रोल खरोखर जास्त जात होतं, मिसिंग नव्हतं. प्लग बदलणाऱ्याने ही चिठ्ठी वाचली असती तर प्लगला हात लावला नसता.

प्लग वाचायचा, पण नीट

प्लग काढायचा तो इंजिन थंड असताना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम इंजिनात पाना लावला आणि आटे गेले तर शंभर रुपयांचं काम काही हजारांवर जातं. आणि तासभर आयडलवर उभ्या असलेल्या गाडीचा प्लग बघून काही ठरवू नये, तसा कुठलाही प्लग काळपट दिसतो. गाडी पाच-सहा किलोमीटर नीट चालवा, बंद करा, थंड होऊ द्या, मग काढा.

निरोगी प्लगचं टोक बिस्किटासारखं फिकट तपकिरी असतं. रिच गाडीचा प्लग कोरडा, मऊ काजळी धरलेला असतो, बोट लावलं की दिव्याच्या काजळीसारखं काळं लागतं. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर तो सिलिंडर पेटत नाहीये. ओला पण तेलकट, चिकट असेल तर ते ऑइल आहे, रिंग किंवा वॉल्व सीलचं दुखणं, त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

चारही प्लग काढून ओळीने, सिलिंडरच्या क्रमाने कागदावर ठेवा. चारही सारखे काळे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे: सेन्सर, प्रेशर, पर्ज वॉल्व असं काहीतरी. एकटाच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर, कॉइल किंवा प्लग. दहा मिनिटांचं हे काम अर्धी यादी कापून टाकतं.

त्याच वेळी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी 'मॅक्स'च्या वर चढलेली दिसली, तर पेट्रोल रिंगमधून खाली ऑइलमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर गाडी पळवू नये, ते पातळ झालेलं असतं आणि बेअरिंग खातं. शिवाय त्याची वाफ ब्रीदरच्या पाइपातून परत इंजिनात जाते आणि गाडी आणखी रिच होते. मूळ दोष काढला तरी हे ऑइल राहिलं तर आकडे खराबच दिसतात. दुरुस्ती झाल्यावर ऑइल बदलणं त्यासाठी गरजेचं आहे.

एअर फिल्टरबद्दल

याच्यावर थोडं थांबतो, कारण दहापैकी सात गिऱ्हाइकं फिल्टर बदलूनच येतात. कार्बोरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की हवा कमी, ओढ जास्त, पेट्रोल जास्त, हे खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत किती हवा आत आली हे सेन्सर मोजतो आणि ईसीयू तेवढंच पेट्रोल देतो. फिल्टर चोंदला तर हवा कमी, पेट्रोलही कमी. पिकअप जातो, गाडी मंदावते, माणूस अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो. पण सीओ २ टक्क्यांवर जाणार नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ खाणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळेआधी बदलाच, चांगलं काम आहे ते. फक्त काळ्या प्लगचा इलाज म्हणून बदलू नका.

दुसरा गैरसमज आता नवा आलाय. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज थोडं पडलं की लोक म्हणतात गाडी रिच झाली. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते. ईसीयूला तेवढ्याच कामासाठी थोडं जास्त द्यावं लागतं. ते बरोबर प्रमाण गाठण्यासाठी दिलेलं जास्त आहे. सायलेन्सर काळा पडत नाही, सीओ चढत नाही. पंधराचं साडेचौदा झालं तर समजू शकतो. पंधराचं दहा इथेनॉलने होत नाही.

स्कॅनर: मायनस, प्लस की शून्य

२०१३ नंतरच्या जवळपास कुठल्याही गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट सापडेल. त्यात लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र हजार रुपयांच्या आत मिळतं आणि मोबाईलवर आकडे दिसतात. घरी तपासायला तेवढं पुरतं. एक काळजी घ्या: हल्ली टॉवरांना पोडियम आणि बेसमेंट पार्किंग असतं. तिथे इंजिन चालू ठेवून तपासू नका, रिच गाडी तर मुळीच नाही. सीओ विषारी असतो आणि त्याला वास नसतो. गाडी उघड्यावर आणा.

ईसीयूने दोषाचा कोड नोंदवलाय का बघा. पी०१७२ म्हणजे ईसीयू स्वतःच सांगतोय की मिश्रण रिच आहे. पण कोड नाही म्हणून सगळं ठीक असं समजू नका. मॅडमच्या गाडीत एकही कोड नव्हता.

खरा मजकूर फ्युएल ट्रिममध्ये असतो. एक शॉर्ट टर्म, त्या क्षणाची; एक लाँग टर्म, शिकून ठेवलेली. पेट्रोलच्या प्रत्येक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा हे प्रमाण साधण्यासाठी ईसीयूने मूळ हिशोबात किती टक्के वाढवलं किंवा कापलं, ते ट्रिम दाखवते. दोन्हींची बेरीज दहाच्या आत, प्लस किंवा मायनस, असेल तर चालतं. आकडे इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी बंद करून घ्या. एकदा आयडलवर, एकदा २५०० आरपीएमवर धरून. कागदावर लिहा, डोक्यात राहत नाहीत.

ट्रिम खूप मायनस असेल, उणे पंधरा, उणे वीस, तर ईसीयूला कळलंय. तो कापतोय, तरी कुठूनतरी पेट्रोल येतंय. आता आयडल आणि २५०० यांची तुलना करा. आयडलवर मायनस जास्त आणि रेस दिल्यावर आकडा सुधारतो, तर थोडं पण सतत पेट्रोल गळतंय. आयडलला मुळात पेट्रोल कमी लागतं, म्हणून तेवढी गळती तिथे मोठी वाटते. रेसमध्ये ती बुडून जाते. टपकणारा इंजेक्टर, उघडा राहिलेला पर्ज वॉल्व, पेट्रोल मिसळलेलं ऑइल, यांच्यावर संशय घ्यायचा. आयडल आणि रेस दोन्हीकडे सारखंच मायनस असेल तर पेट्रोलचं प्रेशर जास्त आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर फुगवून सांगतोय.

पर्ज वॉल्व तपासणं सोपं आहे. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि या वॉल्वमधून इंजिनात ओढली जाते. थंड इंजिन नुकतंच चालू केल्यावर तो बंद असायला हवा. डब्याकडून येणारा पाइप वॉल्ववरून काढा, वॉल्वच्या तोंडाला बोट लावा. ओढ लागली तर वॉल्व अडकलाय. याची एक खूण गिऱ्हाईक स्वतःच सांगतं: "पेट्रोल भरलं की गाडी चटकन चालू होत नाही, बराच सेल्फ मारावा लागतो." आणि पंपावर नोझल 'टक्' करून बंद झाल्यावर "राउंड फिगर करून टाक" म्हणायची जी सवय आहे ना, तिच्यामुळे हा डबा पेट्रोलने भिजतो. वाफ साठवायच्या जागी पेट्रोलच जातं. टक् झालं की थांबा, सुट्टे पैसे गेले तरी चालतील.

हवेच्या सेन्सरपैकी आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तो इनटेकमधला हवेचा दाब मोजतो. चावी ऑन, इंजिन बंद असताना ठाण्यात तो १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवा, आपण समुद्रसपाटीलाच आहोत. गरम इंजिन आयडलवर असताना ३० ते ४०. आयडलवर ५५-६० दिसत असेल तर सेन्सरचा पाइप चिरलाय का ते बघा, मग हवेची गळती, मग टायमिंग. हा आकडा जास्त म्हणजे ईसीयूला वाटतं इंजिनावर भार आहे, आणि तो ओतत राहतो.

प्रेशर आणि इंजेक्टरचं काम मात्र गॅरेजवर सोडा. गेज लावून, गाडी बंद केल्यावर प्रेशर टिकतं की झपाट्याने उतरतं ते बघावं लागतं; त्यात पेट्रोल उडतं, आणि गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असतो. जुन्या, रिटर्न पाइपवाल्या गाडीत एक गोष्ट तुम्ही बघू शकता: प्रेशर रेग्युलेटरचा बारीक व्हॅक्यूम पाइप काढा. आत पेट्रोलचा ओलावा दिसला तर पडदा फाटलाय, दुसरा पुरावा नको.

आता उलटा प्रकार. प्लग काळे, सायलेन्सर काळा, आणि ट्रिम प्लस. म्हणजे ईसीयू आणखी पेट्रोल टाकतोय. धुराच्या वाटेवर बसून उरलेला ऑक्सिजन मोजणारा जो ऑक्सिजन सेन्सर, त्याचं ऐकून तो इथे फसलाय.

२०१२च्या सुमाराला कळव्याच्या एका काकांची गाडी माझ्याकडे आली होती. ट्रिम प्लस बावीस, कोड लीनचा, म्हणजे पेट्रोल कमी पडत असल्याचा, आणि प्लग मात्र कोळशासारखे. मी ऑक्सिजन सेन्सर खराब ठरवला आणि बदलला. आठ दिवसांत काका परत, तीच तक्रार. मग सायलेन्सरचं कव्हर खोललं तर मॅनिफोल्डच्या जॉइंटला पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ होती. गॅस्केट फुटलेलं. प्रत्येक धक्क्यानंतर तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सरला तो ऑक्सिजन दिसत होता, आणि तो प्रामाणिकपणे सांगत होता की मिश्रण पातळ आहे. सेन्सर खरा होता, मी चुकलो होतो. सेन्सरचे पैसे काकांना परत दिले आणि गॅस्केट बदललं. तेव्हापासून ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी इंजिनापासून त्याच्यापर्यंतच्या प्रत्येक जॉइंटवर थंड इंजिनात साबणाचं पाणी लावून, गाडी चालू करून बुडबुडे बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मिसिंगही असंच फसवतं. पेट न घेतलेल्या सिलिंडरमधून पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो. सेन्सर ऑक्सिजनच मोजतो, पेट्रोल नाही. तो म्हणतो पातळ, ईसीयू चौघांनाही वाढवून देतो, आणि बिचारे बाकीचे तीन चांगले सिलिंडर काळे पडतात.

सेन्सर स्वतः खरं बोलतोय का हे विचारायची रीत आहे. जुन्या पद्धतीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खेळतो, ०.४५च्या वर रिच, खाली लीन. तो सतत ०.८-०.९वर अडकलेला दिसला तर इनटेकवरचा एखादा बारीक व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा. हवा घुसली की आकडा धाडकन खाली यायला हवा. आला तर सेन्सर खरा, गाडी खरंच रिच. हललाच नाही तर मग सेन्सर किंवा त्याची वायर. नव्या काही गाड्यांत वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो, तो थेट लॅम्डा दाखवतो, त्याला ही व्होल्टची मोजणी लावू नका.

मॅडमच्या गाडीत काय सापडलं

तिसरा प्रकार सगळ्यात लबाड: ट्रिम ना प्लस, ना मायनस. मॅडमच्या गाडीत शॉर्ट टर्म शून्यावर गोठलेली होती, जरासुद्धा हलत नव्हती. निरोगी गाडीत तो आकडा सतत वरखाली नाचतो. गोठला म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाहीये, ओपन लूपमध्ये आहे. ओपन लूपमध्ये तो कधी राहतो? इंजिन थंड आहे असं त्याला वाटतं तेव्हा. थंड इंजिनाला तो जाणूनबुजून जास्त पेट्रोल देतो, जुन्या चोकचं काम.

मी कूलंटचं तापमान बघितलं. स्कॅनर म्हणाला २२ अंश.

मॅडम वर्तकनगरहून ट्रॅफिकमधून आल्या होत्या. रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात धरवत नव्हता. आणि बाहेरची हवाच २९ अंश होती. चालून आलेलं इंजिन हवेपेक्षा थंड असूच शकत नाही. कोड का नव्हता, तर २२ हा आकडा ईसीयूला खोटा वाटण्यासारखा नाही. वायर पूर्ण तुटली असती तर उणे चाळीस दिसलं असतं आणि लाइट लागला असता.

कूलंट सेन्सर गरम होतो तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. २० अंशाच्या आसपास दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशाला साधारण तीनशे. कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा जोड, काढून मल्टिमीटर थेट सेन्सरच्या दोन पिनांना लावला: २८० ओहम. सेन्सर अगदी बरोबर सांगत होता, ऐंशीच्या वर. मग ईसीयूपर्यंत बावीस का पोचत होतं? कपलर उलटा करून मोबाईलच्या टॉर्चने आत बघितलं. एका टर्मिनलवर हिरवी बुरशीसारखी पूड. तांब्याचा गंज. सेन्सरचे २८० आणि त्या गंजाचे एकोणीसशे मिळून ईसीयूला बावीसशे ओहम दिसत होते, आणि त्याच्या तक्त्यात बावीसशे म्हणजे २२ अंश.

मॅडमना विचारलं, तक्रार कधीपासून? जुलैपासून. त्याआधी काय केलं होतं? जूनमध्ये एकीकडे इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतलं होतं, चकाचक. पाणी कपलरच्या रबराच्या आत गेलं, वर ठाण्याचा पावसाळा, पुढचं काम दमटपणाने केलं. इंजिन धुवायचंच असेल तर ओल्या फडक्याने पुसा, प्रेशर मारू नका. मारलाच असेल तर कपलर काढून वाळवा.

यात एक धोका होता जो त्यांना कळला नव्हता. त्या गाडीत रेडिएटरचा पंखाही याच सेन्सरच्या आकड्यावर फिरतो. ईसीयूच्या मते इंजिन थंड, म्हणजे पंखा बंद. मॅडम नेहमी एसी लावून चालवतात आणि एसीबरोबर पंखा फिरतो, म्हणून इंजिन वाचलं. हिवाळ्यात एसी बंद करून कापूरबावडीला अडकल्या असत्या तर हेड गॅस्केट गेलं असतं.

दुरुस्ती लहान होती. गंजलेला कपलर कापला, नवा वीतभर वायरसकट जोडला, जोड सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह चढवली. चावी फिरवली तेव्हा स्कॅनरवर ८१, मग ८६, मग पंखा फिरल्याचा आवाज. शॉर्ट टर्म उणे चार, अधिक तीन, उणे दोन अशी नाचायला लागली. मॅडम शेजारी उभ्या राहून तो आकडा बघत होत्या.

ही तपासणी तुम्ही घरी, ते छोटं यंत्र लावून, करू शकता. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी ऑन करा, इंजिन चालू न करता कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही दोन-तीन अंशांच्या आत सारखी हवीत, दोन्ही रात्रभर त्याच हवेत होती. मग गाडी चालू करून आकडा सावकाश चढत ८०-९० पर्यंत जातो का ते बघा. साठ-पासष्टवर रेंगाळत असेल, विशेषतः मोकळ्या रस्त्यावर, तर इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी रोखणारा थर्मोस्टॅट वॉल्व उघडा अडकलाय किंवा कुणी काढूनच टाकलाय. गाडी हीट होते म्हणून हा वॉल्व काढून फेकायची पद्धत अजून कित्येक ठिकाणी चालू आहे. मला तिचा राग येतो. हीट होण्याचं कारण तसंच राहतं, आणि इंजिन कायम कोमट राहून पेट्रोल जास्त खातं. वॉल्व काढलेला असेल तर परत बसवून घ्या.

सीएनजी असेल तर

सीएनजीच्या गाडीत सगळे आकडे दोनदा घ्या, पेट्रोलवर वेगळे, गॅसवर वेगळे. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि गॅसवर मायनस वीस, तर दोष किटच्या ट्यूनिंगमध्ये किंवा गॅसचा दाब कमी करणाऱ्या रेड्यूसरमध्ये आहे. दोन्हीकडे बिघडलेले असतील तर सामाईक सेन्सर बघा. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये आणखी एक गोम असते: गॅसचं ट्यूनिंग चुकलं की ईसीयू आठवडाभर त्याप्रमाणे लाँग टर्म शिकत राहतो, आणि मग पेट्रोलवर टाकल्यावर गाडी काळी ओकते. लोक पेट्रोलचे इंजेक्टर धुतात, दोष गॅसच्या बाजूला असतो.

दुरुस्तीनंतर

ईसीयूची जुनी शिकवण स्कॅनरने पुसा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला. काळे प्लग फेकायची गरज नाही, टोक घासलेलं नसेल तर साफ करून बसवा. मग रस्त्यावर न्या. मी सकाळी सातच्या आत नितीन कंपनी जंक्शनवरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागतो, मुलुंडच्या नाक्यापर्यंत साठच्या वेगाने, आणि परत. त्यात ट्रिम दहाच्या आत राहिली पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, गिअरमध्येच, ऑक्सिजन सेन्सर शून्याजवळ उतरला पाहिजे. तिथे इंजेक्टर बंद होतात. न उतरला तर एखादा इंजेक्टर अजून टपकतोय.

बराच काळ रिच चाललेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, हात न लावता तपासा. जास्तीचं पेट्रोल त्याच्या आत जळतं, तो तापतो, आतली जाळी वितळते. गाडीचा पिकअप वरच्या वेगात मेलेला असेल, किंवा थंड असताना रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आत खुळखुळ वाजली, तर तो गेलाय. लाल तापलेला दिसला तर गाडी लगेच बंद करा, आणि तशी गाडी येऊरच्या रस्त्याला वाळल्या गवतावर कधी उभी करू नका.

मॅडमची गाडी चार दिवस चालवून मी पुन्हा पीयूसीला पाठवली. सीओ ०.०६, एचसी ४१, लॅम्डा १.००. दोन्ही चिठ्ठ्यांचा फोटो काढून त्यांना पाठवला आणि सांगितलं, पुढच्या वर्षीची चिठ्ठी मिळाली की या दुसरीच्या शेजारी ठेवून बघा. पास झाली तरी सीओ ०.०६वरून ०.२५वर गेला असेल तर आधी फोन करा, फिल्टर नंतर.